दोर तुझ्या हाती

"पाय बघून ठेवा साहेब. तितं खाली पोकळ हाय."

मी उचललेला पाय तसाच अधांतरी राहिला. हळदवखारीच्या कमानीतून आत शिरून जेमतेम दहा पावलं झाली असतील. उन्हातून आलेल्या डोळ्यांना सावली अजून दिसत नव्हती. आवाज डाव्या अंगाने आला होता. कमानीच्या आत, भिंतीला लागून असलेल्या दगडी कट्ट्यावर, एक म्हातारी हळदकुंकवाच्या पुड्या बांधत बसली होती. पुढ्यात दोन परड्या, एक पिवळी, एक तांबडी.

"पोकळ म्हणजे?" मी विचारलं.

तिच्या हातातली पुडी हातातच राहिली. तिने मान वर केली, पण माझ्याकडे बघितलं नाही. लांबून कुणी हाक मारतंय की काय म्हणून माणूस कान देतं, तशी थांबली. मग घाईघाईने उजवा हात पदराखाली घेतला.

"पेव हाय," एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

घाबरली, मी मनात नोंद केली. आणि नोंद करताना मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

तिचं नाव तानाक्का खोत. मी ते पाच वर्षांचा असल्यापासून ऐकत होतो. आमच्या घरात ते नाव भिंतीवरच्या खिळ्यासारखं होतं. त्याला काही टांगलेलं नव्हतं, पण जाता-येता अंगाला लागायचं. माझे वडील नरहर उपळेकर चौगुल्यांच्या या हळदवखारीत दिवाणजी होते. आम्ही इथंच, माडीवरच्या दोन खोल्यांत राहायचो. बासष्ट साली एका सकाळी बाबा अंगणातल्या पेवात, हळद साठवायच्या त्या खोल खड्ड्यात, उतरले आणि जिवंत वर आले नाहीत. वर दोर धरून उभी होती तानाक्का. आई मला घेऊन आजोळी गेली, ती करंजघाटात परत कधी आली नाही. त्या दिवसाबद्दल ती आयुष्यभर एकच वाक्य बोलली. गेली तेव्हा शेवटच्या आठवड्यातही तेच.

"ती गात होती रे दिगू. तो मरत होता आणि ती गात होती."

आईला जाऊन वर्ष व्हायचं होतं तेव्हा ही इमारत माझ्या हातात आली. गावच्या सहकारी संघाने वखार विकत घेतली होती. ती पाडून तिथे दुकानगाळे बांधायचे होते. मी संघाचा नवा इंजिनिअर. जागेची मापं घ्यायची, वखारीचा इतिहास दोन पानांत लिहायचा आणि मंगळवारी अहवाल द्यायचा, असं काम. त्या अहवालात शेवटी एक ओळ माझ्यासाठी रिकामी ठेवलेली होती. कमानीत पंचवीस वर्षं बसणाऱ्या या बाईला नव्या इमारतीत एक गाळा द्यावा की तिला उठवावं? संघ म्हणाला होता, तुम्ही बघून ठरवा, तुमचा शेरा आम्हाला मान्य.

माझा शेरा गावात पाऊल ठेवायच्या आधीच ठरला होता. फक्त तिने काय केलं ते एकदा कळायला हवं होतं.

मी कोण, हे मी कुणाला सांगितलं नाही. कागदावर 'डी. एन. उपळेकर' होतं, पण करंजघाटात कागद वाचणारे थोडे आणि 'इंजिनेरसाहेब' म्हणणारे सगळे.

वखारीच्या किल्ल्या मलगोंडाअण्णा चौगुल्यांकडे होत्या. जुन्या शेठचा हा मुलगा. पासष्टीचा, डोक्याला पांढरा रुमाल, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. चालताना तो बैलाच्या घुंगरासारखा वाजायचा. इमारत विकली होती तरी जुडगा त्यांनी सोडला नव्हता.

"बोट फिरवा भिंतीवर," अण्णा म्हणाले.

मी फिरवलं. बोट पिवळं झालं.

"बारा वर्षं झाली हळद इथनं जाऊन. सगळा धंदा मार्केट यार्डात गेला. पण भिंतीनं काय सोडलं नाही. पाऊस लागला की अजून आमच्या गटारीचं पाणी पिवळं असतंय. आजोबांनी बांधली ही. तेव्हा नदीनं नावा यायच्या हळदीच्या. वर सौदे, खाली पेवं. अकरा पेवं होती साहेब या अंगणात. एकेक पेव म्हणजे जमिनीत पुरलेला रांजणच. तोंड एवढंसं, पोट हे एवढं. वीस-बावीस फूट खोल. हळद भरायची, तोंड लिंपायचं, चार वर्षं कीड नाही लागत. आठ पेवं बुजवली, दोन खचली. उरलं हे एक."

ज्यावर मी पाय ठेवणार होतो ते. चौकोनी फरशी, मधोमध लोखंडी कडी. फरशीवर हळदीची दोन बोटं आणि कुंकवाची दोन बोटं ओढलेली होती. ताजी.

"हे कोण करतं?"

"तानाक्का. रोज सकाळी."

"पूजा कशाची?"

अण्णांनी जुडगा चाचपला. "ह्या पेवानं माणूस खाल्लाय. आमचा दिवाणजी. पेवात इख असतंय साहेब. बंद हवा, विषारी. तोंड उघडून अर्धा दिवस तसंच ठेवायचं, मग दिवा सोडायचा, दिवा जळत राहिला तर माणूस उतरायचा. अशी रीत."

"मग दिवाणजी कसा गेला?"

"मी नव्हतो गावात. सांगलीला गेलेलो."

"वर कोण होतं?"

अण्णा कमानीकडे बघून थोडे हळू बोलले. "हीच होती."

"तिचं आणि दिवाणजीचं वाकडं होतं काही?"

"तुम्हाला कोण बोललं?" त्यांनी चटकन वळून विचारलं.

"कुणी नाही. सहज."

"सहज म्हणजे बरोबर विचारलंत." त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. "तिचा नवरा येसबा इथंच हमाल. दिवाणजीनं त्याला आठ दिवस आधी काढला होता. हळदीत खडे मिसळतोस म्हणून. आता झालं गेलं ते नदीला मिळालं. तुम्ही म्हातारीला एक गाळा लिहा बघा. ती उठली तर कमान बोडकी दिसंल."

नवऱ्याला कामावरून काढलेलं. आठ दिवसांनी दोर तिच्या हातात. आणि हा माणूस तिच्यासाठी गाळा मागतोय. माझ्या डोक्यात एकेक खुंटी ठोकली जात होती.

दुपारी मी तिच्या कट्ट्यासमोर जाऊन उभा राहिलो. हळदकुंकवाची पुडी मागितली.

"मंडळींना व्हय?" तिने विचारलं.

"लग्न नाही झालं अजून."

"मग आईसाठनं?"

"आई नाही."

ती थबकली.  मग कागदावर चिमूटभर हळद जास्तच घातली. पुडी देताना तिला उजवा हात पुढे करावाच लागला. तळहातावर आडवा, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, जुना भाजल्यासारखा व्रण होता. हळद त्यात कायमची मुरलेली. दोर हातातून सरकला की असा व्रण पडतो, हे मला बांधकामावरच्या माणसांचे हात बघून ठाऊक होतं. दोर सरकतो म्हणजे कुणीतरी तो धरून ठेवलेला नसतो.

"आक्का, तुम्ही इथल्या जुन्या. वखारीचा इतिहास लिहितोय. काही सांगा की."

आणि ती सांगत गेली. तिची आठवण कोठारासारखी भरलेली होती. चौपन्न सालच्या पुरात पाणी कुठल्या पायरीला टेकलं होतं. माडीवर शाळा भरायची तेव्हा मास्तर कसे शिंकायचे, हळदीचा खकाणा नाकात जाऊन. सौद्याला आलेला एक व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवता ठरवता झोपी गेला होता ते. सांगताना ती हसायची, हसताना तोंडावर पदर धरायची.

"आणि दिवाणजी पेवात गेले ते?"

परडी जरा कलंडली. कुंकू कट्ट्यावर सांडलं.

"मला न्हाई आठवत."

"पुराची पायरी आठवते, आणि..."

"न्हाई आठवत म्हनले न्हवं!" ती कुंकू बोटांनी गोळा करत राहिली. मान खाली. "पोलिसानं इचारलं तवाबी न्हाई आठवलं. तुमी लई इचारू नका. पेवात कशापायी डोकावताय? मापं घ्या आन जावा."

त्या रात्री मी लॉजवर अहवाल लिहायला घेतला. शेवटच्या ओळीपाशी पेन टेकवलं आणि उचललं. एक गोष्ट राहिली होती. ती गात होती म्हणजे काय? मरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर उभी राहून कुणी का गाईल? आई वेडी नव्हती, आणि आई खोटंही बोलत नव्हती.

सोमवारी सकाळी आठला मी दोन हमाल आणवले आणि पेवाची फरशी काढायला लावली. पायाखणणीसाठी खोली मोजायला हवी होती, हे खरंच होतं. पण मापाची पट्टी वरूनही सोडता आली असती.

फरशी सरकली तसा आतून एक कोंदट, उबट वास वर आला. हळदीचाच, पण म्हातारा झालेला. हमालांनी वर तिकाटणं उभारून कप्पी अडकवली. ऊन डोक्यावर येईपर्यंत तोंड उघडं ठेवून आम्ही सावलीत बसलो. तानाक्का पुड्या बांधायची सोडून लांबून बघत होती. मी कमरेला दोर बांधायला लागलो तशी ती उठून आली.

"कोन उतरनार?"

"मी."

"तुमी?" तिचा चेहरा परडीतल्या हळदीसारखा पिवळा पडला. "ही दोघं हायती की. ह्यांस्नी उतरवा."

"माप मला घ्यायचंय."

तिने हमालांकडे मोर्चा वळवला. "तोंड कवा उगडलं? आठला? आन दिवा?"

"सोडतोय की आक्का," एक हमाल म्हणाला आणि कंदील दोरीने खाली सोडला. दहा-बारा फुटांवर कंदील थांबला. "बघा, जळतोय झकास."

"मुडद्या, बुडापातुर सोड! मधी लटकवून काय दिवाळी करतोस? इख बुडाला बसतंय." तिने त्याच्या हातातली दोरी हिसकून घेतली आणि स्वतः सोडत गेली. कंदील खाली टेकला. ती वाकून एकटक त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहिली. मी घड्याळ बघितलं. पाव तास ती तशीच वाकलेली होती.

"आक्का," मी म्हणालो, "पूर्वी म्हणे पेवात माणूस उतरला की वर बाई गायची."

तिने हळूच मान वर केली. "कोन म्हनलं?"

"ऐकलंय. मग आज गा की."

मला वाटलं, ही आता पळेल. ती पळाली नाही. पदर कमरेला खोचून ती पेवाच्या काठावर बसली आणि माझ्या कमरेचा दोर एकदा ओढून, गाठ तपासून बघितली.

"गानं न्हवं ते. साद-जाब हाय," ती म्हणाली. "मी वरनं साद घालनार. तुमी खालनं जाब द्यायचा. जाब न्हाई आला की दोर वडायचा. शिकून घ्या आदी. मी म्हननार,

*भुईच्या पोटात, पिवळं काय ते झाकलं?*

तुमी म्हनायचं,

*आखाडाच्या आदी, ऊन पुरून राखलं.*"

मी म्हटलं.

"आता दुसरी.

*भुईच्या पोटात, कोन उतरलं एकलं?*

आन जाब,

*दोर तुज्या हाती, एकलं कसं गं म्हटलं?*"

"एवढं लांबलचक कशाला?" मी म्हणालो. "तुमचीच ओळ मी परत म्हटली तरी कळेल की, मी जिवंत आहे."

तिने माझं मनगट धरलं. तो व्रण मला कातडीला लागला, खरखरीत.

"माजी वळ म्हनायची न्हाई. कायबी झालं तरी न्हाई."

"का?"

"न्हाई म्हंजे न्हाई!"

पुन्हा तेच. पुन्हा काहीतरी पदराखाली. मी मान हलवली आणि मनात माझा बेत पक्का केला. खाली गेल्यावर पहिल्या सादेला जाब द्यायचा. दुसरीला गप्प बसायचं. घड्याळ लावून बघायचं, ही बाई जाब नसताना किती वेळ गाते ते. तेवढंच मला हवं होतं. एक मिनिट गायली, तर आईचं वाक्य खरं. मग शेवटच्या ओळीपाशी मला पेन उचलून थांबायची गरज नव्हती.

भिंतीत पाय रोवायला खोबण्या होत्या. मी उतरत गेलो. तोंडाचा उजेड आधी ताटाएवढा झाला, मग वाटीएवढा. बुडाशी पाय टेकला तर बुटाखाली काहीतरी करकरलं. कंदिलाच्या उजेडात वाकून बघितलं, गिलाव्याच्या खपल्या होत्या. चुन्याचे बारीक खडे. पेवाच्या तळाचा गिलावा जागोजाग सुटून त्याचे खडे झाले होते. मूठभर उचलले. वरची हळद काढता काढता फावडं तळाला लागलं की हे हळदीत जाणारच होते. त्यात येसबाने मिसळायचं काय होतं?

तेवढ्यात वरून साद आली.

*"भुईच्या पोटात, पिवळं काय ते झाकलं?"*

तिचा आवाज मला वाटला होता तसा नव्हता. जात्याशी बसलेल्या बाईचा असतो तसा, रुंद आणि थकलेला. मी ठरल्याप्रमाणे जाब दिला. माझाच आवाज पोटाएवढ्या त्या अंधारात मला परका वाटला.

*"भुईच्या पोटात, कोन उतरलं एकलं?"*

मी ओठ मिटले. कंदिलाजवळ मनगट नेलं. सेकंदकाटा बाराच्या पुढे सरकला.

आणि माझ्या जागी कुणीतरी जाब दिला.

*"...एकलं... एकलं..."*

 आवाज तिचाच होता, पण तिचा राहिला नव्हता. पेवाने तो पोटात घोळवला होता, जाड केला होता, त्यातली बाई काढून टाकली होती. पुरुषाने दमल्या आवाजात, ओळीचे शेवटचे शब्द कंटाळून परत म्हणावेत, तसा तो माझ्या पायाशी, पाठीशी, कानाशी फिरत राहिला. मी आत होतो म्हणून मला कळलं. वर बसलेल्या माणसाला काय कळलं असतं?

सेकंदकाटा तिनावर पोचायच्या आत कमरेचा दोर असा आवळला की श्वास कोंडला. मी हवेत उचलला गेलो. गुडघे खोबण्यांना घासले, मूठ उघडून खडे खाली सांडले. वर तानाक्काची किंकाळी ऐकू येत होती, "वडा रं! वडा! जाब न्हाई! वडा, मेल्यांनो!" मी बाहेर पडलो तो उताणाच. डोळ्यांवर सगळं ऊन.

तिने मला बसतं केलं. तोंडावर हात फिरवला, छातीवर कान टेकवला. मी नीट श्वास घेतोय हे बघितलं. आणि मग एक खणखणीत थोबाडीत दिली.

"तोंड न्हाई व्हय रं तुला दिगू? वाचा बसली हुती?"

हमाल बघत राहिले. मला ते नाव ऐकून थोबाडीपेक्षा जास्त लागलं.

"तुम्ही ओळखलंत?"

"पयल्याच दिवशी. 'पोकळ म्हंजे?' म्हनलास. तोच आवाज. डिट्टो दिवाणजी." तिला धाप लागली होती. तिने हमालांना हाताने लांब जायला सांगितलं. दोघं पाण्याच्या तोटीकडे गेले. "गप का बसलास खाली?"

"बघायचं होतं, किती वेळ गाता ते."

 पेवाच्या काठावर तशीच बसली, दोर मांडीवर. मग बोलायला लागली ते माझ्याशी नव्हे, त्या काळ्या तोंडाशी.

"तुजा बा लई हुशार मानूस. पन संशयी. ह्याच्यावर संशय, त्याच्यावर संशय. हळदीत खडं निगत हुतं. माज्या मानसाला काडला, तरी खडं यायचं थांबंनात. मग त्या दिवशी म्हनले, मीच उतरून बगतो, हमाल यायच्या आदी. अंगनात मी एकटीच हळकुंडं निवडत बसलेली. म्हनले, तानाक्का, दोर धर."

"बाबांनी येसबाला काढलं होतं. तरी धरलात?"

"दोर धरायचा असतो लेकरा. मानूस कसा हाय ते वर आल्यावर बगायचं." तिने नाक पुसलं. "इचारलं मी, दिवा सोडला का? हो म्हनले. सोडलाच हुता. पन अर्ध्यावर. मागनं सापडला, बुडापासनं दोन पुरुस उंचीवर, झकास जळत."

"आणि साद-जाब?"

 

"मी म्हनले, जाब शिकून घ्या. म्हनले, मला न्हाई यायच्या तुमच्या बायकी ओव्या. तू म्हन, मी तुजंच शेवटचं दोन शबूद परत म्हनतो, तेवड्यानं काम हुतंय. मी हसले. दिवाणजी ओवी म्हननार म्हनून हसायला आलं मला. जुन्या बाया सांगायच्या, जाब निराळाच पायजे. का पायजे, ते कुनी सांगितलं न्हवतं. मीबी कवा इचारलं न्हवतं. मला वाटलं, नुसती रीत."

तिने दोराचा पीळ चाचपला.

"पयली साद घातली. जाब आला. तो त्यांचाच हुता, कारन मागनं खोकले बी. दुसरी घातली, आला. तिसरी घातली, आला. चवथी, पाचवी. मी आपली गातीया. वरनं तुज्या आईच्या भाकरी थापटायचा आवाज येतोय. मला वाटलं, दिवाणजींना गोडी लागली. मी जुन्या जुन्या ओव्या काडून गायला लागले. आन मग गाता गाता हळदीचा खकाना नाकात गेला. मी खोकले."

तिने माझ्याकडे बघितलं. मी आल्यापासून पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे.

"पेव बी खोकलं."



"तसंच्या तसं. माजंच खोकनं. तवा कळलं मला, कुनासंगट गात हुते." तिने उजवा तळहात उघडला. "एकटीनं वडला. तीनदा वर आनला, तीनदा हातातनं निसटला. वरडले तवा येसबा आला पळत. त्यानं दिवाबिवा काय बगितलं न्हाई, नाकाला फडकं बांदून उतरला. तुज्या बाला वर त्यानंच आनला. त्यानंतर दोन वर्सं खोकत हुता, मग गेला."

"पोलिसांना का नाही सांगितलंत? आईला?"

"काय सांगू? पेवानं मला फशिवलं म्हनू? आन येसबावर आदीच खड्याचं बालंट. तुज्या आईला सांगाय गेले, माडीचं दार वाजवलं. तिनं आतनं कडी न्हाई काडली. बराबर हाय तिचं. माजं गानं ऐकत ती निवांत भाकरी करत बसली. माजं गानं चालू म्हंजे तिचा मानूस चालू. मी गप बसले असते तर ती धावली असती." तिने माडीकडे मान वळवली. "मी गप न्हाई बसले."

माडीकडे माझी नजर गेली. दोन खिडक्या. एकीच्या खालची भिंत धुराने काळवंडलेली. तिथे चूल असणार.

"म्हणून रोज हळदकुंकू?"

"पेवाला न्हाई रं. फरशीवरनं कुनी पाय द्यायला नको म्हनून. रंग दिसला की मानूस वलांडून जातं."

मी उठलो. गुडघ्यांतून रक्त येत होतं. तिने परडीतली चिमूटभर हळद आणली आणि न विचारता दाबून बसवली.

मंगळवारी मी अहवाल दिला. इतिहासाची दोन पानं आणि शेवटची ओळ. मलगोंडाअण्णांनी ती संघाच्या कचेरीत दुसऱ्याकडून वाचून घेतली, सहीतलं माझं नाव ऐकलं, आणि संध्याकाळी जुडगा वाजवत लॉजवर आले. "उपळेकर व्हय तुम्ही?" दारातच म्हणाले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. जाताना म्हणाले, "कमानीपासला पहिलाच गाळा लिहिलात. बेस केलंत."

याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. त्या गाळ्यात पुढे चौदा वर्षं हळदकुंकू विकलं गेलं. पण मला आठवतो तो पेव बुजवायचा दिवस.

मुरुमाचा ट्रक पेवाकडे पाठ करून उभा होता. मुकादम घाई करत होता. तानाक्का गर्दीतून पुढे आली आणि सगळ्यांना हाताने थांबवून पेवाच्या काठाशी बसली. तिची उजवी मूठ आवळलेली होती. हाताला काम नसलं की ती तशीच असायची, झोपेतसुद्धा, असं मला मागाहून शेजारणी सांगायच्या. ती वाकली आणि तिने साद घातली. पंचवीस वर्षांत ती माझ्यासाठी एकदा गायली होती, ही दुसरी वेळ.

*"भुईच्या पोटात, कोन उतरलं एकलं?"*

*"...एकलं... एकलं..."* पेवाने पोटात घोळवून परत दिलं.

तिचे डोळे मिटलेले. ती वाट बघत होती. मुकादमाने माझ्याकडे पाहिलं, सोडू का म्हणून. मी त्याला हात केला, तिच्याजवळ गुडघ्यांवर बसलो, आणि त्या काळ्या तोंडात वाकून, बाबांच्या आवाजात, जाब दिला.

*"दोर तुज्या हाती, एकलं कसं गं म्हटलं?"*

पेवाने तोही शेवटपर्यंत घोळवला आणि मग ते गप्प झालं.

तानाक्काने मूठ उघडली.